लिलीपॉन्डमधला स्लर वाकवताना

आजचा विषय म्हणजे एक वाकडी रेघ. स्टाफ नोटेशनमध्ये स्वरांच्या डोक्यावर कमान असते ना, स्लर, तीच. आपल्या भातखंडे लिपीत मींड दाखवायला अशीच रेघ काढतात, पण ते काम वेगळं. व्हायोलिनवाल्यांसाठी स्लरचा अर्थ रोखठोक आहे: एवढे स्वर एकाच बोमध्ये.

एका मैत्रिणीसाठी मी लिलीपॉन्डमध्ये पार्ट लिहिला होता. माहीत नसेल तर सांगतो, हे सॉफ्टवेअर फुकट आहे, १९९६पासून आहे, आणि यात माउसने काही ओढायचं नसतं. स्वर टाइप करायचे, स्लर सुरू करायला उघडा कंस, संपवायला बंद कंस. पीडीएफ तयार. तर आठ स्वरांचा स्लर होता, शेवटच्या स्वरावर बोटाचा आकडा ४, आणि दोघं एकमेकांना घासत होते. मी स्लरचं उजवं टोक जरा डावीकडे सरकवलं. स्क्रीनवर एकदम झकास! तालमीत तिने आठव्या स्वराला बो बदलला. म्हटलं, "अगं, आठही एकाच बोमध्ये आहेत." ती म्हणाली, "मग कागदावर सातच का दिसतायत?" काय बोलणार? चूक माझीच.

मी वापरली होती शेप नावाची कमांड. स्लर हा बेझिए कर्व्ह असतो, म्हणजे चार बिंदूंवर बेतलेला. पहिला आणि चौथा बिंदू म्हणजे टोकं. मधले दोन रेघेला स्वतःकडे ओढतात, पण रेघ त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शेपमध्ये चार जोड्या द्यायच्या: कोणता बिंदू किती आडवा, किती उभा सरकवायचा. माप असतं स्टाफच्या दोन रेघांमधलं अंतर. नेहमीच्या आकारात ते साधारण पावणेदोन मिलिमीटर भरतं. मधले दोन्ही बिंदू १ने वर नेले, तर कमानीचा मध्य ०.७५नेच वर जातो. त्यामुळे "अरे, हललंच नाही" म्हणून लगेच ५ टाकू नका! आणि हो, जोडीतल्या दोन आकड्यांमध्ये टिंब असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना स्पेस हवी. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

तर टोकांना शक्यतो हात लावू नका. वाचणारा टोकंच बघतो. पोट फुगवा, चपटं करा, कुणाचं काही बिघडत नाही.

अजून एक गोष्ट मला उशिरा कळली. शेपचे आकडे लिलीपॉन्डने स्वतः काढलेल्या स्लरपासून मोजले जातात. नंतर कागदाचा आकार बदलला, स्वर दाटीने बसले, की मूळ स्लर बदलतो आणि तुमचे आकडे तसेच राहतात. स्लर ओळीच्या शेवटी तुटला तर प्रत्येक तुकड्याला वेगळे आकडे लागतात. म्हणून हे काम सगळ्यात शेवटी, ओळी पक्क्या झाल्यावरच करायचं.

आणि त्याआधी बघायचं की नडतंय कोण. माझ्या केसमध्ये स्लर बिचारा निर्दोष होता, नडत होता तो ४. आकड्याआधी डॅशऐवजी अंडरस्कोर टाकला, आकडा स्वराखाली गेला. मग शेपची ओळच काढून टाकली. स्लर आपोआप आठव्या स्वरापर्यंत नीट गेला. नवीन प्रिंट दिल्यावर मैत्रिणीने आधी पेन्सिलीने आठ स्वर मोजले, मग व्हायोलिन उचललं.