आधी किनारा, मग हॉटेल

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कॅरिबियन बेटावरची सुट्टी आणि तिथल्या हॉटेलची निवड, असा विषय सूचनाफलकावर वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "अहो, आपण दमण-दीवला जाणारी माणसे. हे कॅरिबियन कुठून काढलेत?" प्रश्न रास्त आहे. पण डांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंत मराठी घरांतून एक फेरी मारा. एक मूल न्यू जर्सीला, दुसरे लंडनला किंवा टोरांटोला, आणि आईवडील इथे. मुलांना रजा मोजून मिळते. मग फोन येतो: "आई-बाबा, या वेळी सगळे मधेच कुठेतरी भेटू. एखाद्या बेटावर. हॉटेल आम्ही बघतो."

मुले हॉटेल बघतात ती फोटो बघून. फोटोत सगळे समुद्र निळे असतात. प्रत्यक्षात तीन पिढ्या मिळून जे सहा-सात दिवस तीन-चार वर्षांतून एकदा हाती लागतात, त्यात आजी खोलीत बसून राहिली आणि नातवंडांना पाण्यात उतरता आले नाही, तर ते दिवस परत मिळत नाहीत. म्हणून निर्णय मुलांवर सोडला तरी प्रश्न आपण विचारायला हवेत. ते कोणते, एवढेच आज सांगायचे आहे. उदाहरणाला एकच बेट घेतो, बार्बाडोस. रीत कळली की ती दुसऱ्या बेटालाही लावता येते.

बार्बाडोस आपल्याला अगदीच परके नाही. 1953 साली भारताचा क्रिकेट संघ पहिल्यांदा वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा कर्णधार होते आपल्या बडोद्याचे विजय हजारे. त्या दौऱ्यातली एक कसोटी बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन इथे झाली. आणि 29 जून 2024 रोजी त्याच गावातल्या केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक टाकले तेही बडोद्याच्याच हार्दिक पंड्याने. त्या रात्री फटाके तर आपण सगळ्यांनीच ऐकले.

आता बेटाकडे वळू. लांबी सुमारे 34 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त 23. म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढे. अक्षांश जवळजवळ चेन्नईचा. शेजारची बेटे बहुतेक ज्वालामुखीची, डोंगराळ. हे मात्र मुख्यतः प्रवाळाच्या चुनखडीचे, त्यामुळे बरेचसे सपाट, वाळू फिकी आणि नळाचे पाणी पिण्याजोगे. इतर बेटांच्या रांगेपासून ते पूर्वेला वेगळे पडले आहे. त्याच्या पूर्वेला थेट आफ्रिकेपर्यंत जमीन नाही. वर्षभर वारा मुख्यतः पूर्व आणि ईशान्येकडून वाहतो. या एका गोष्टीवरून तिथले सगळे किनारे ठरले आहेत.

पूर्व किनाऱ्यावर अटलांटिकच्या लाटा हजारो किलोमीटर मोकळ्या धावत येऊन आदळतात. तिथे बाथशेबा नावाचे गाव आहे. मोठमोठे खडक, फेसाळ पाणी, फोटो असे की बघत राहावे. लाटांवर फळी घेऊन खेळणारे पट्टीचे खेळाडू तिथे जातात. पण पोहायला तो किनारा धोक्याचा. आपल्या गणपतीपुळ्याचा समुद्र आठवा. बघायला देखणा, पण पाण्यात उतरण्याआधी फलक वाचावा असा. तसेच हे. बाथशेबाला एक दिवस सहलीला जा, डबा खा, परत या. मुक्काम तिथे नको.

पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला आहे. पाणी बहुधा तळ्यासारखे शांत. सूर्यास्त समुद्रात दिसतो आणि तोही वर्षभर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान, म्हणजे नातवंडांच्या जेवणाआधी. होलटाउन हे गाव याच बाजूला. 1627 मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत इथे झाली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कंबरभर पाण्यात निवांत उभे राहायचे असेल तर जागा हीच. अडचण दोन. एक, बेटावरची सगळ्यात महाग हॉटेले इथेच आहेत. दुसरी, काही ठिकाणी वाळूचा पट्टा अरुंद आहे आणि हिवाळ्यात कधी उत्तरेकडून लाटा आल्या तर काही दिवस तो आणखी आक्रसतो.

दक्षिण किनारा या दोहोंच्या मधला. हेस्टिंग्ज, रॉकली, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स अशी वस्त्यांची रांग. वाळू रुंद, लाटा मध्यम, हॉटेलांचे दर तुलनेने बरे, स्वयंपाकघर असलेल्या खोल्या पुष्कळ, बस दारात. हेस्टिंग्ज ते रॉकली समुद्राला लागून सुमारे दीड किलोमीटरची पायवाट आहे. ज्यांचा दिवस कमाटी बागेतल्या फेरीशिवाय सुरू होत नाही, त्यांनी या वाटेजवळचे हॉटेल पाहावे. मात्र जसजसे पूर्वेकडे सरकाल तसतसा वारा आणि लाटा वाढतात. याउलट ब्रिजटाउनला लागून असलेला कार्लाइल बे हा नैऋत्येचा उपसागर शांत आहे, पाणी उथळ आणि वाळू पांढरी. मध्यम खर्चात शांत पाणी हवे असेल तर तिथून शोध सुरू करावा.

एक मोठी सोय अशी की बार्बाडोसमध्ये सगळे समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. महागड्या हॉटेलासमोरची वाळूसुद्धा सगळ्यांची. म्हणजे दक्षिणेला स्वस्तात राहून बसने पश्चिमेला पोहायला जाता येते. तिथल्या बसथांब्यांवर 'शहराकडे' आणि 'शहराबाहेर' एवढेच लिहिलेले असते, चुकायला वाव कमी. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडे ठरवा, आणि ते अमेरिकन डॉलरमध्ये की बार्बाडोस डॉलरमध्ये तेही विचारा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर कित्येक वर्षे पक्का आहे. न विचारल्यास दुप्पट मोजण्याची वेळ येईल.

आता केव्हा जायचे. मधल्या डिसेंबरपासून मधल्या एप्रिलपर्यंत हवा उत्तम आणि दर चढे, कारण थंडीला कंटाळलेले इंग्रज, कॅनडावाले, अमेरिकन सगळे तिथे असतात. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. आपले गणपती, नवरात्र, दिवाळी सगळे यातच येते. बार्बाडोस पूर्वेला आणि बरेच दक्षिणेला असल्यामुळे थेट तडाखा क्वचित बसतो. 1955 च्या जॅनेटनंतर थेट 2021 मध्ये एल्सा वादळ तिथे धडकले. पण तडाखा बसला नाही तरी विमानतळ बंद होतो. 2024 मध्ये विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे हॉटेलातच अडकला आणि 4 जुलैला मायदेशी पोहोचला. त्यांच्यासाठी खास विमान गेले. तुमच्या-माझ्यासाठी जाणार नाही. या महिन्यांत जायचेच असेल तर पैसे परत मिळणारे आरक्षण आणि प्रवासविमा दोन्ही हवे, आणि औषधे आठवडाभर जास्तीची.

मला विचाराल तर एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे. दर उतरलेले, पावसाळा लागलेला नाही, इथे मुलांना उन्हाळ्याची सुट्टी. यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. 2011 पासून अटलांटिकमधून सरगॅसम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ ढिगांनी वाहत येते, आणि वसंत-उन्हाळ्यात ते जास्त असते. किनाऱ्यावर कुजले की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दम्याच्या माणसाला तो त्रासदायक. वाऱ्याच्या दिशेमुळे ते पूर्वेला आणि दक्षिणेच्या काही भागांत लागते, पश्चिम किनारा बहुतेक वेळा मोकळा राहतो. तेव्हा मे महिन्यात जाणार असाल तर पश्चिम किंवा कार्लाइल बे. किनारा आणि महिना यांची सांगड अशी घालावी लागते.

किनारा ठरला की हॉटेल सोपे. पहिला प्रश्न, 'सगळे धरून' अशा दराचे घ्यायचे की नुसती खोली? सगळे धरून म्हणतात त्या दरात मद्याचा वाटा मोठा असतो. घरात पाचपैकी चारजण घेत नसतील आणि तिघे शाकाहारी असतील, तर दुसऱ्यांच्या पेल्याचे पैसे आपण भरतो. आपल्या घरांना स्वयंपाकघर असलेली खोली बरी पडते. सकाळचा चहा, वरणभात, नातवाची खिचडी हातची होते. बाहेर शाकाहारी खायचे तर रोटी मिळते, म्हणजे बटाटा आणि काबुली चण्याची रस्सेदार भाजी गुंडाळलेली पोळी. भारतातून मजूर म्हणून गेलेल्यांनी त्रिनिदाद-गयानात रुजवलेला हा पदार्थ बार्बाडोसमध्येही सर्रास मिळतो. शिवाय गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपासून आपल्या सुरत भागातली गुजराती कुटुंबे तिथे व्यापारात आहेत. गुजराती कानावर पडली तर दचकू नका. एक मात्र, इथला इलेक्ट्रिक कुकर नेऊ नका. तिथली वीज 115 व्होल्टची आहे, तो नीट तापणार नाही.

दुसरा प्रश्न शब्दांचा. 'ओशन फ्रंट' म्हणजे खोली समुद्रासमोर. 'ओशन व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो. कुठून आणि किती, ते विचारावे. दक्षिणेला मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर जातो, त्यामुळे 'समुद्रापासून दोन मिनिटे' या हॉटेलातून वाहता रस्ता ओलांडावा लागू शकतो. तिसरा, लिफ्ट आहे का आणि न्हाणीघरात टब ओलांडून आत जावे लागते का. लहान हॉटेलांत लिफ्ट नसते. चौथा, दरात कर आणि सेवाशुल्क धरले आहे का. तिथे खोलीमागे दर रात्री वेगळा करही असतो, हॉटेलच्या वर्गाप्रमाणे.

कागदपत्रांवर मी जरा जोर देतो, कारण सहल हॉटेलमुळे क्वचित मोडते, कागदांमुळे अनेकदा. भारतीय पारपत्रावर बार्बाडोसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. तरी तिकिटापूर्वी पुन्हा खात्री करा. पण तिथे थेट विमान नाही. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे गेलात आणि हीथ्रोहून गॅटविकला जावे लागले तर ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो, त्याची परवानगी हवी. आणि आपल्या मुलांचे काय? मुलगा अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असेल, नोकरीची मंजुरी चालू असेल, पण पारपत्रावरच्या व्हिसाची मुदत संपली असेल, तर बेटावरून त्याला परत अमेरिकेत शिरता येत नाही. सुट्टीपायी नोकरी टांगणीला लागते. हा प्रश्न फोनवर पहिल्या दिवशीच विचारा. येता येता त्रिनिदादला डोकावायचे असेल तर आणखी एक: तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, लस निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते, नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरणात. साठी ओलांडलेल्यांनी ही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

दोन बारीक सूचना. नातवंडांचे लष्करी ठिपक्यांचे कपडे घरी ठेवा. बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकाने, अगदी मुलानेही, ते घालणे बेकायदा आहे. आणि किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड असते, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखे. फळ विषारी, चिकाने कातडी भाजते. पावसात त्याखाली उभेही राहू नये. बऱ्याच झाडांवर लाल खूण किंवा पाटी असते. मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

एक सकाळ ब्रिजटाउनसाठी राखा. जुने शहर आणि तिथली लष्करी छावणी 2011 पासून जागतिक वारसा यादीत आहे. या सुंदर वाळूमागे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले, हे नातवंडांना आजी-आजोबांनी सांगावे. 30 नोव्हेंबर 2021 ला हा देश प्रजासत्ताक झाला, हेही.

तर मंडळी, क्रम असा ठेवा. आधी कागद, मग महिना, मग किनारा आणि शेवटी हॉटेल. घरातल्या सगळ्यांत थकलेल्या आणि सगळ्यांत लहान माणसाला जो समुद्र झेपेल, तो आपला समुद्र. तरुणांना हव्या त्या लाटा टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासावर मिळतात. आजीला मात्र पाणी दारातच हवे.

बाप्पाच्या कृपेने तुम्हा सर्वांच्या घरची माणसे एकत्र येवोत, इथे किंवा तिथे.