आपल्या गटात खेळा, पुढच्या गटात जा

आम्ही नरखेड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाराजणी. माइकवर आवाज एकीचा आहे, पण काय बोलायचं ते बाराही जणींनी बसून ठरवलं आहे. संत्र्याचं लोणचं, गटाचं कर्ज, पोरींची शाळा यांवर आम्ही इथे पुष्कळदा बोललो. आज बंदुकीच्या खेळावर बोलणार आहोत. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

आमच्या गटातल्या एका ताईची पोरगी दहावीत होती. शाळेतल्या सरांनी तिला हवेच्या रायफलीवर बसवलं. नेम बरा, हात स्थिर. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला गेली आणि शेवटून तिसरी आली. एसटीतून उतरली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. आम्ही काय केलं? सगळ्यांनी एकच विचारलं, "कितवी आली गं?" पोरगी घरात गेली ती दोन दिवस बाहेर आली नाही. वडील म्हणाले, "झाली हौस. आता बारावीचं पाहा." पुढच्या हंगामासाठी तिच्या आईने गटाकडे पाच हजारांचं कर्ज मागितलं होतं. त्या महिन्याच्या बैठकीत सहाजणी हो म्हणाल्या, सहाजणी नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

मग सरांनाच बैठकीला बोलावलं. त्यांनी आम्हाला स्कीट नावाच्या खेळाची गोष्ट सांगितली.

स्कीट म्हणजे उडत्या चकतीवर नेम. मैदान अर्धगोल. दोन टोकांना दोन घरं, एक उंच, एक बुटकं. उंच घरातून चकती सुमारे १० फुटांवरून सुटते, बुटक्यातून साडेतीन फुटांवरून. खेळाडू एकामागून एक आठ जागांवर उभी राहते. बंदूक कमरेशी धरायची आणि हाक द्यायची. चकती लगेच येईल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही येईल. ती दिसल्यावरच बंदूक खांद्याला लावायची. काही जागांवर दोन्ही घरांतून दोन चकत्या एकदमच सुटतात. एका फेरीत २५ चकत्या. मोठ्या स्पर्धेत अशा पाच फेऱ्या, म्हणजे १२५. चकती बशीएवढी, बहुधा भडक नारिंगी, आपल्या पिकल्या संत्र्यासारखी. तिचा एक तुकडा जरी डोळ्याला दिसेल असा उडाला, तरी एक गुण.

हे ऐकून आमच्यातल्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "हे तं आम्ही जवारीच्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं करत होतो!" खरंच आहे. पाखरूही सांगून येत नाही.

या खेळाला स्कीट हे नाव दिलं ते एका बाईने. अमेरिकेत १९२६ साली एका मासिकाने नवीन खेळाला नाव सुचवा म्हणून बक्षीस लावलं. मोंटाना राज्यातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंचं नाव निवडलं गेलं आणि त्यांना १०० डॉलर मिळाले.

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेतल्या स्कीट स्पर्धांत खेळाडूंचे वर्ग पाडतात. नोंद झालेल्या आधीच्या स्पर्धांत तुम्ही शंभरातल्या किती चकत्या फोडल्या, त्या सरासरीवरून वर्ग ठरतो. सगळ्यांत वर पक्के नेमबाज, सगळ्यांत खाली ई वर्ग. मैदान एकच, चकत्या त्याच, दिवसही तोच. पण ई वर्गातल्या बाईची तुलना ई वर्गातल्या बाईशी होते. तिच्या वर्गात ती पहिली आली तर तिलाही बक्षीस. सरासरी वाढली की वरच्या वर्गात जावं लागतं.

आम्हाला हे नवीन वाटलं नाही. आपल्याकडे शंकरपटात जनरल गट वेगळा आणि गावगट वेगळा असतो. खंजिरी भजनाच्या स्पर्धेत पुरुष, महिला आणि बाल असे गट असतात. काल जुंपलेल्या गोऱ्ह्याला नावाजलेल्या जोडीसमोर कोणी उभं करत नाही. मग पोरीला पहिल्याच वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्यांशी जोखून "तुला जमत नाही" असं आम्ही कसं म्हटलं?

आपल्याकडच्या पायऱ्याही सरांनी समजावल्या. शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. रायफलीतही ओपन साइट आणि पीप साइट असे दोन प्रकार. ओपन साइटची रायफल साधी आणि स्वस्त असते, नवी पोरं त्यावरून सुरुवात करतात. राष्ट्रीय स्पर्धांत रायफल आणि पिस्तुलाला दोन विभाग असतात, एक आंतरराष्ट्रीय नियमांचा आणि दुसरा देशातल्या नियमांचा. दुसऱ्याला एनआर म्हणतात आणि नवे खेळाडू बहुतेक त्यातून येतात. वर जायचं तर ठरलेले गुण पाडावे लागतात.

स्कीट मात्र घरच्या बजेटात बसणारा खेळ नाही. बारा बोअरची बंदूक, तिचं लायसन्स आणि दर फेरीला २५ काडतुसं. हवेची रायफल ठरलेल्या ताकदीच्या आतली असेल तर तिला लायसन्स लागत नाही, आणि छर्रे स्वस्त असतात. महाराष्ट्राचे मोठे नेमबाज रायफल-पिस्तुलातूनच पुढे आले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक आणलं. कांबळवाडीही आपल्या गावांसारखंच खेडं आहे.

त्याच पॅरिसमध्ये स्कीटही झालं. राजस्थानच्या जालोर जिल्ह्यातली महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका ही जोडी कांस्यपदकासाठी चीनशी खेळली. चीनच्या ४४ चकत्या फुटल्या, आपल्या ४३. एका चकतीने पदक गेलं. त्या दोघांना "जमत नाही" असं कोणी म्हणेल का? चौथा नंबर म्हणजे काय, ते नुसत्या नंबरातून कळत नाही. किती फोडल्या, ते पाहावं लागतं.

पण बायांनो, गटाची दुसरी बाजूही आहे. १९९२ साली बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्कीटला पुरुष आणि बाया एकत्र खेळत होते. चीनची २४ वर्षांची झांग शान सगळ्यांना मागे टाकून पहिली आली. शेवटच्या फेरीआधीच्या २०० चकत्यांपैकी तिची एकही चुकली नव्हती. पदक घेताना मागे राहिलेल्या दोन पुरुष खेळाडूंनी तिला खांद्यावर उचललं. पुढे १९९६ साली अटलांटाला काय झालं? स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं आणि बायांसाठी वेगळी स्पर्धाही ठेवली नाही. जिंकलेल्या बाईला आपलं सुवर्ण राखायला मैदानच उरलं नाही. बायांची वेगळी स्पर्धा आली ती थेट २००० साली सिडनीला.

यातून आम्ही एक धडा घेतला. गट खेळणारीला उभं राहायला जागा देत असेल तर तो चांगला. गट तिला बाहेर ठेवायला वापरला तर तो कामाचा नाही. गट पाडणारे कोण आहेत आणि कशासाठी पाडतात, हे बाईने विचारलंच पाहिजे.

आम्ही हे स्वतः करून पाहिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी आमच्या स्पर्धा होतात आणि दरवर्षी त्याच तिघी जिंकतात. बाकीच्या नुसत्या टाळ्या वाजवायला येतात. या वेळी आम्ही दोरीला मातीच्या पणत्या टांगल्या आणि दहा पावलांवरून टेनिसच्या चेंडूने पाडायच्या ठरवल्या. आधी सगळ्यांना पाच-पाच चेंडू. तीन किंवा जास्त पाडल्या तर पहिला गट, एक-दोन पाडल्या तर दुसरा, एकही नाही तर तिसरा. मग गटागटात खरी स्पर्धा, आणि तिन्ही गटांना सारखंच बक्षीस, स्टीलचा डबा.

तिथे एक गंमत झाली. संत्र्याच्या वावरात वानरं हाकलणाऱ्या एका ताईचा नेम साऱ्या गावाला माहीत. तिचे पाचही चेंडू हुकले! तिसऱ्या गटात गेली आणि एकेक पणती अशी उडवली की पोरं ओरडायला लागली. डबा तिलाच. सगळ्या हसल्या, पण तिसऱ्या गटातली एक सून गप्प बसली होती. तिची ती पहिलीच स्पर्धा होती, आणि तिच्या हातचा डबा गेला होता. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः तो डबा सुनेच्या घरी नेऊन देऊन आली. सर म्हणाले, मुद्दाम चुकून खालच्या वर्गात राहणं हा प्रकार अमेरिकेतही होतो आणि तिकडे त्याला शिक्षा आहे.

म्हणून आता आमचे नियम असे आहेत. मागच्या वर्षीचा निकाल वहीत लिहायचा आणि त्यावरून गट ठरवायचा. जी जिंकेल ती पुढच्या वर्षी वरच्या गटात. जिचे गुण मागच्या वेळेपेक्षा सगळ्यांत जास्त वाढले तिला वेगळं बक्षीस. आणि गट पाडताना तिन्ही गटांतली एकेक बाई हजर पाहिजे. तुमच्या गावात पापड लाटायची स्पर्धा असो की धावायची, हे नियम लावून पाहा. पहिल्यांदा उतरणाऱ्या बाया वाढतात, हे आम्ही पाहिलं.

आता त्या पोरीचं सांगतो. दुसऱ्या बैठकीत दहाजणी हो म्हणाल्या. दोघी अजूनही नाही म्हणतात आणि त्यांचंही खोटं नाही, कारण पाच हजार म्हणजे कोणाचं तरी बियाणं असतं. कर्ज दिलं, हप्ता ठरवला. पोरीने एक वही केली. दहा छऱ्यांच्या फेरीत शंभरापैकी तिचे सरासरी ६८ गुण पडत होते. वर्षभरात ते ८१ वर आले. यंदा जिल्ह्याला ती पुन्हा गेली. पदक नाही मिळालं, विभागालाही नाव लागलं नाही.

एसटीतून उतरली तेव्हा आम्ही थांब्यावर उभ्या होतो. या वेळी कोणी "कितवी" विचारलं नाही. तिच्या आईने विचारलं, "मागच्यापेक्षा किती वाढले?" पोरीने दप्तरातून वही काढली आणि तिथेच, थांब्यावरच, वाचून दाखवायला लागली. कर्जाचे तीन हप्ते बाकी आहेत. पुढच्या वर्षी तिला पीप साइटवर जायचं आहे, म्हणजे पुन्हा नव्याने शेवटून सुरुवात. तिला ते माहीत आहे. आम्हालाही आता माहीत आहे.

तुमच्या घरची पोरगी कुठूनही खेळून आली, तर आधी तिची वही पाहा.