पाल, घोरपड, कासव आणि पोटाचे विकार



पवई तलावात मगरी आहेत हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. काठाला कासवं आणि दिवड, शेजारी आरेच्या पाड्यांवर धामण आणि घोरपड, आणि पाल तर घरोघरी. मगरीला, सापाला आपण भितो. पण या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात राहणारा एक जंतू डोळ्यांना दिसत नाही. त्याचं नाव साल्मोनेला.

हा जंतू त्या प्राण्याला सहसा त्रास देत नाही. प्राणी धडधाकट दिसतो, पण विष्ठेवाटे जंतू अधूनमधून बाहेर पडतो. तो भांड्याला, भाजीला, पाण्याला लागतो आणि आपल्या पोटात जातो. मग ६ तासांपासून ६ दिवसांच्या आत जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. धट्टाकट्टा माणूस बहुधा आठवड्यात बरा होतो. पाच वर्षांखालचं मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर मात्र जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत लहान कासवं पाळून पुष्कळ मुलं आजारी पडली, म्हणून १९७५ साली तिथे चार इंचांहून लहान कासवं विकण्यास बंदी घालण्यात आली.

पाल पडलेलं अन्न विषारी होतं, असं आपण म्हणतो. पालीत विष नाही. धोका आहे तो तिच्या अंगाला व विष्ठेला असलेल्या जंतूंचा. असं अन्न टाकून द्यावं हे बरोबरच.

तेव्हा एवढं करा :

१. अन्न-पाणी झाकून ठेवा. तलावाचं, ओढ्याचं पाणी पिऊ नका. पिण्याचं पाणी उकळून घ्या.

२. कोथिंबीर, मुळा, काकडी स्वच्छ पाण्यानं धुवा. भाजीच्या जुड्या तलावात बुचकळू नका.

३. शेतातून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणानं हात धुवा.

४. कासव धरून मुलांच्या हाती देऊ नका. घोरपड मारू नका. ती सोलताना जंतू हाताला लागतात, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

५. जुलाब लागल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजा. तान्ह्याचं अंगावरचं दूध बंद करू नका. शौचात रक्त, फार ताप, खोल गेलेले डोळे दिसले, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. आपल्या मनानं गोळ्या देऊ नका.

या प्राण्यांना मारून रोग जाणार नाही. धामण उंदीर खाऊन आपला भात राखते, पाल घरातले किडे खाते. त्यांना त्यांच्या जागी राहू द्या, आपण आपलं अन्न-पाणी सांभाळू या.