मिक्सरचे कार्बन
(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मला घरगुती बचतीवर बोलायला सांगितलं होतं. पण सगळी नोकरी मुदत ठेवींवर बोलण्यात गेली, म्हणून आज आमच्या मिक्सरवर बोलतो.

हा सुमीत मिक्सर आम्ही 1986 साली पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला. त्याच्या जन्माची गोष्ट मला नंतर कळली. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुरांच्या घरचा परदेशी मिक्सर बिघडला. आपली भिजवलेली डाळ, सुकी हळद परदेशी यंत्राला कशी झेपणार? पत्नी माधुरी यांनी नवऱ्याला कामाला लावलं आणि 1963 च्या सुमारास त्यातून सुमीत उभा राहिला. म्हणजे बायकोनं "बघा जरा" म्हटल्यावर बघावं, ही परंपरा जुनी आहे.

गेल्या वर्षी आमच्या सौ.च्या जबड्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना गाळलेलं पातळच खायचं होतं. नेमका तेव्हाच मिक्सर अडून-अडून चालायला लागला. जोरात पळायचा, मधेच मंदावायचा, पुन्हा पळायचा. वरणात डाळीची कणी राहिली आणि पहिल्याच घोटाला तिला ठसका लागला. टाके ताजे होते. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या मजल्यावरच्या वहिनी दोन्ही वेळा वरण-पेज बारीक करून आणून देऊ लागल्या. चार दिवस, न सांगता. पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, नवीन पाठवतो, जुना भंगारात द्या." हिला बोलता येत नव्हतं. तिनं कागदावर लिहिलं, "फेकू नका. आधी उघडून बघा."

मी प्लग काढला, मिक्सर उलटा करून स्क्रू खोलले. मोटरच्या दोन बाजूंना कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात. मागची स्प्रिंग त्यांना आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर दाबून धरते आणि वीज त्यातूनच आत जाते. कार्बन झिजून आखूड झाला की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. वीज तुटक-तुटक मिळते, ठिणग्या उडतात, पट्ट्या काळ्या पडतात आणि मिक्सर आचके देतो. आमचा एक कार्बन तर जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा उरला होता.

इथे माझ्यातला बँकवाला आडवा आला. दुसरा बरा दिसतो म्हणून मी एकच नवा बसवला! मिक्सर तसाच आचके देत राहिला. शेवटी पिशवीत घालून बजाज चौकाकडच्या एका मिस्त्रीकडे नेला. तो हसला. "काकाजी, बैलजोडीत एक बैल नवा न् एक थकलेला जुंपता काय? मोटर चांगली हाय तुमची." त्यानं नवी जोडी आणि स्प्रिंगा बसवल्या, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं तांब्याच्या पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, काळी भुकटी ब्रशनं झाडली. मग भांडं न लावता थोडा वेळ चालवला, कार्बन नीट बसावा म्हणून. सगळं मिळून नव्या मिक्सरच्या एका भांड्याइतकेही पैसे लागले नाहीत.

घरी कोणी उघडणार असाल तर आधी प्लग काढा. जळका वास येत असेल तर गुंडाळी गेली असेल, ते आपलं काम नव्हे. आणि भांड्याच्या तळाशी पाणी गळत असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर पाणी थेट मोटरमध्ये जातं.

घरी आल्यावर मुगाचं वरण फिरवलं. एकसारखा आवाज आला. आतल्या खोलीतून हिनं चमच्यानं वाटी वाजवली, म्हणजे आणा लवकर. वहिनींचा डबा त्या संध्याकाळी धुऊन परत केला, रिकामा नाही, गोरसपाक घालून.

तो झिजलेला कार्बन मी खिशात आणलाय. चहाच्या वेळी ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहून घ्या.