शून्यही लिहा

आमच्या वाशीमहून समुद्र पाहायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. मग समुद्रातल्या कासवांशी आपला काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो एका साध्या वहीचा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तिथल्या वाळूत 'ऑलिव्ह रिडले' जातीची मादी रात्री येते, शंभराच्या आसपास अंडी घालते नि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्हीकुत्री उकरीत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने तिथे काम आरंभिले. पण पहाटे किनारा तुडवणारे हात-पाय गावकऱ्यांचेच. माग दिसला की अंडी शोधायची, मोजायची, कुंपणात पुरायची, तारीख लिहायची. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघाली की तीही मोजून समुद्राकडे सोडायची. बस्स, शास्त्र म्हणतात ते हेच!

आता आपल्या एकबुर्जी तलावावर चला. आशियाई पाणपक्षी गणना भारतात १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि मोजणारे बहुतेक हौशी लोकच असतात. तलावावर नेलेला एक विद्यार्थी मला खट्टू होऊन म्हणाला, "सर, तासभर बसलो, एकही बदक नाही. काय लिहू?"

"शून्य लिही," मी म्हटले.

अहो, आज संकोचाने शून्य गाळले किंवा मनाने चार लिहिले, तर पक्षी कमी झाले हे उद्या कळावे कसे? वहीत खोटे शिरले की पुढली सारी वर्षे फसतात. तेव्हा मोजा, आणि दिसेल तेवढेच लिहा.