ॲक्झोलॉटलची पिल्लं

मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत ॲक्झोलॉटल हे पाण्यात राहणारे सॅलमँडर आता फारच थोडे उरलेत. काचेच्या टाक्यांत मात्र त्यांची पैदास सहज होते. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर, बिनपायांचं. पहिले दोन-तीन दिवस ते पोटातल्या बलकावर जगतं. मग खरी कसोटी! या वयात ते हलणारं, जिवंत भक्ष्यच टिपतं. त्यासाठी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, घरीच उबवायचा आणि गोड्या पाण्यात धुऊन द्यायचा. उरलेला आर्टेमिया मरून कुजतो, म्हणून पाणी रोज बदलायचं. क्लोरीन नसलेलं, १८ अंशांच्या आसपास गार. बेडकाच्या उलट, या पिल्लाचे पुढचे पाय आधी फुटतात. पिल्लांची दाटी अजिबात नको: भुकेली भावंडं एकमेकांचे लचके तोडतात. तुटलेला पाय पुन्हा उगवतो खरा, पण पिल्लाला तो त्रास कशाला?