आईच्या पश्चात सांगणार कोण?

बौद्धिक दिव्यांग म्हटले की डोळ्यांपुढे मूलच उभे राहते. तेच मूल एके दिवशी पन्नाशीचे होते, हे समाजाच्या ध्यानी येत नाही. अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात आहे. परंतु वाढलेल्या वयासोबत अकाली स्मृतिभ्रंश, थायरॉईडचे विकार, दृष्टी व श्रवणाची मंदताही आली. ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्याचे दुखणे माता ओळखते. जेवण टाकले, कान ओढू लागला, कोपरा धरून बसला, की ती समजते. माता गेली की ही विद्याही जाते.

ई-संजीवनीमुळे २०२०पासून घरूनच डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. दवाखान्यातील गर्दीने बिथरणाऱ्याला हा केवढा दिलासा! २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानातील ‘आभा’ खात्याला तपासण्यांचे अहवाल जोडता येतात. पण वेदनेची खूण अहवालात उमटत नाही. ब्रिटनमधील रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ नावाचे साधे टिपण वापरतात: भीती कशाची, औषध कसे घेतो, दुखल्यावर काय करतो. हे टिपण आईच्या हयातीतच, तिच्याकडून विचारून, भावंडांनी मोबाईलवर करावे. सोबत छोटी चित्रफीतही असावी. अर्थात ती घेताना त्या प्रौढालाही, चित्रे दाखवून का होईना, विचारावे. शरीर त्याचे आहे. खात्याचा ओटीपी मात्र बहुधा दुसऱ्याच्याच हाती असतो.